लाइट गेल्यावर लोड उचलेल का? दुकान, दवाखाना आणि वर्कशॉपमधल्या इन्व्हर्टर, यूपीएस, जनरेटरची देखभाल

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहते हे सगळ्यांना ठाऊक असतं. आदल्या दिवशी भागांची यादी येते आणि लोक कामं त्या हिशोबाने लावून घेतात. अशा ठरलेल्या बंदमध्ये बॅकअपची परीक्षा होत नाही. परीक्षा होते मे महिन्यात वळवाच्या पहिल्या वादळात तारांवर फांदी पडते तेव्हा. किंवा १२ ऑक्टोबर २०२० सारख्या दिवशी, जेव्हा मुंबई लोकलसकट ठप्प झाली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर रायगड आणि रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता.

बहुतेक ठिकाणी बॅकअपची 'देखभाल' एवढीच असते: शनिवारी वॉचमन जनरेटरची किल्ली फिरवतो, इंजिन धडधडतं, पाच मिनिटांनी बंद. मालक समाधानी. पण इंजिन चालू होणं वेगळं आणि त्याने लोड उचलणं वेगळं. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा दिसणं आणि बॅटरीत दोन तासांचा दम असणं यातही तेवढंच अंतर आहे. या लेखातली प्रत्येक पायरी या एका फरकाभोवती फिरते. छोटं हॉस्पिटल, पॅथॉलॉजी लॅब, दूध संकलन केंद्र, एमआयडीसीतला गाळा, हॉटेल, मेडिकल दुकान अशा जागा डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

पहिली पायरी: कशावर काय चाललंय ते आधी लिहा

यादी नसेल तर देखभाल कशाची करायची हेच कळत नाही. एक कागद घ्या आणि तीन भाग पाडा. पहिल्या भागात एक क्षणही बंद पडून चालणार नाही अशा गोष्टी: सर्व्हर, बिलिंगचा संगणक, लॅबमधला अॅनालायझर, ऑपरेशन थिएटरमधली उपकरणं. या यूपीएसवर. दुसऱ्या भागात अर्धा मिनिट थांबू शकणाऱ्या गोष्टी: लसींचा फ्रीज, दिवे, पाण्याची मोटर, दुधाचा कूलर. या जनरेटरवर. तिसऱ्या भागात लाइट येईपर्यंत थांबलं तरी चालेल अशा: रिसेप्शनचा एसी, गिझर, बाहेरचा ग्लो साइन.

मग वायरमनला बोलावून क्लॅम्प मीटरने प्रत्येक सर्किटचा खरा अँपिअर मोजून घ्या. पाटीवरच्या वॅटवर जाऊ नका. मोजताना हमखास गमती सापडतात. यूपीएसच्या सॉकेटवर कुणीतरी चहाची किटली लावलेली असते, नाहीतर लेझर प्रिंटर. लेझर प्रिंटरचा हीटर काही सेकंद भरपूर करंट ओढतो. छोटा यूपीएस तिथेच ओव्हरलोड दाखवून लोळतो. प्रिंटर यूपीएसवरून काढा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

मोटर आणि कंप्रेसर यांचा वेगळा विचार करा. थेट स्टार्टरवरची मोटर सुरू होताना चालू करंटच्या साधारण सहापट करंट घेते. म्हणून १५ केव्हीएचा जनरेटर आकडेमोडीत पुरेसा दिसला, तरी पाण्याची मोटर आणि कूलरचा कंप्रेसर एकाच वेळी लागले की इंजिन दबतं, दिवे मंद होतात, कधी ब्रेकर पडतो. त्यावर मोठा सेट घ्यायलाच हवा असं नाही. दोन्ही एकदम लागू नयेत म्हणून एका सर्किटला टायमर लावला तरी भागतं.

इन्व्हर्टर किती वेळ चालेल याचा अंदाज घरच्या घरी काढता येतो. १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३,६०० वॅट-तास. हा आकडा वीस तासांत सावकाश वापरल्यास मिळणारा असतो, दोन तासांत ओरबाडल्यास कमी मिळतो. त्यात इन्व्हर्टरची गळती आलीच. शिवाय बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते. म्हणून इन्व्हर्टरसाठी ०.८ आणि बाकी सगळ्यासाठी ०.७ ने गुणा: साधारण २,००० वॅट-तास हाती उरतात. ८०० वॅट लोडवर म्हणजे अडीच तास. बॅटरी नवी असताना. तीन वर्षांनी हाच हिशोब धरून बसलात तर फसाल, आणि पुढच्या पायऱ्या नेमक्या त्यासाठीच आहेत.

दुसरी पायरी: बॅटरी

बॅकअप फसण्याचं कारण शोधायला गेलं की दहातल्या बहुतेक वेळा बोट बॅटरीवरच येऊन थांबतं. इन्व्हर्टरची असो, यूपीएसची असो की जनरेटरच्या सेल्फची.

पाणी घालायच्या ट्यूब्युलर बॅटरीपासून सुरू करू. महिन्यातून एकदा, आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी, पाण्याची पातळी पाहा. फ्लोटचा लाल-हिरवा दांडा अडकलेला असू शकतो. म्हणून अधूनमधून झाकण उघडून टॉर्चने आत बघा. मेणबत्ती किंवा लायटर नको. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो.

घालायचं ते डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर. आरओचं पाणी चालत नाही, त्यातही क्षार उरतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बाटलीत भरून ठेवणारे बरेच जण आहेत. ते दिसायला स्वच्छ असतं, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश घेऊन येतं. पाच लिटर डिस्टिल्ड वॉटरचा खर्च आणि बॅटरीची किंमत शेजारी ठेवून पाहिलं की ही काटकसर कुठेच बसत नाही. अॅसिड तर स्वतःहून कधीच घालू नका. बॅटरीतलं पाणी उडतं, अॅसिड आतच राहतं. पातळी प्लेटच्या खाली गेली असेल तर आधी प्लेट बुडतील इतकंच पाणी घाला, पूर्ण चार्ज होऊ द्या आणि मगच खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलंत तर चार्जिंगच्या बुडबुड्यांबरोबर अॅसिड बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी फरशीवर डाग दिसतात.

आता ग्रॅव्हिटी, म्हणजे बॅटरीतल्या अॅसिडची पाण्याच्या तुलनेत घनता. ती मोजणारा हायड्रोमीटर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो आणि बॅटरीच्या प्रकृतीबद्दल तो इन्व्हर्टरच्या डिस्प्लेपेक्षा जास्त खरं सांगतो. पूर्ण चार्ज झालेल्या ट्यूब्युलर बॅटरीत २७ अंश तापमानाला १.२४० च्या आसपास रीडिंग यायला हवं. बॅटरीवाले त्याला 'बाराशे चाळीस' म्हणतात. उन्हाळ्यात रीडिंग थोडं कमी दिसतं. २७ अंशांच्या वर प्रत्येक दहा अंशांना सात पॉइंट मिळवा: ३७ अंशांना १२३३ दिसलं तर ते १२४०च आहे. पाणी घातल्यावर लगेच मोजू नका. ते वरच तरंगतं आणि रीडिंग फसवं येतं, एक चार्जिंग होऊन जाऊ द्या.

सहाही सेलचं रीडिंग वेगवेगळं लिहा. पाच सेल १२३५-१२४० आणि एक ११९० असेल तर तो सेल गळपटतोय. सगळेच सेल सारखे कमी असतील तर बॅटरीत बिघाड नसून चार्जिंग अपुरं पडतंय. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत. पहिल्यात बॅटरी बदलावी लागते. दुसऱ्यात चार्जरचं सेटिंग, सैल लग (टर्मिनलवर बसणारं केबलचं टोक) किंवा रोजचं लांबलेलं भारनियमन तपासावं लागतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. सोड्याचं पाणी सेलमध्ये गेलं तर तिथलं अॅसिड मारेल, म्हणून झाकणं आधी. लग काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना शेवटी निगेटिव्ह. नट आवळून झाला की मगच वरून पेट्रोलियम जेली. आवळण्याआधी जेली लावायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती सोडा. कोकणात आणि गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे हे काम महिन्याला करावं लागतं. घाटावर तीन महिन्यांनी चालतं.

यूपीएसमधल्या सीलबंद बॅटऱ्यांना पाणी घालता येत नाही, म्हणून 'मेन्टेनन्स फ्री' हे शब्द लोक फारच मनावर घेतात आणि कॅबिनेटचं दार वर्षानुवर्षं उघडत नाहीत. ते दर महिन्याला उघडा. समजा तुमच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. डिस्प्ले १०८.८ व्होल्ट दाखवतो, म्हणजे प्रत्येकी १३.६. उत्तम. आता मल्टिमीटर घेऊन एकेक बॅटरी मोजा: सात बॅटऱ्यांवर १३.७ आणि एकीवर १२.९. बेरीज १०८.८च येते! चार्जर फक्त बेरीज सांभाळतो. मेलेली बॅटरी त्याला दिसत नाही आणि तिचा वाटा तो उरलेल्या सात जणींवर टाकतो. त्या जास्त चार्ज होऊन हळूहळू सुकतात. काही महिन्यांत एकीच्या ठिकाणी आठ बदलायची वेळ येते. एका बॅटरीची शंका डिस्प्लेवरून घेता येत नाही, मीटरची पिन प्रत्येक टर्मिनलवर टेकवावीच लागते.

हे मोजताना एक सावधगिरी. यूपीएस बंद केला तरी बॅटऱ्यांच्या साखळीत डीसी असतोच. ९६, १९२ व्होल्ट डीसीचा झटका जिवावर बेततो. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या. मालकाने शेजारी उभं राहून आकडे लिहावेत.

बॅटरीचं पोट फुगलेलं दिसलं, वास आला किंवा एखादी शेजारणींपेक्षा गरम लागली तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नका. बदलताना प्रश्न येतो: एक की सगळ्या? संच वर्षभराच्या आतला असेल तर एकच बदलली तरी चालते. दोन-तीन वर्षं झाली असतील तर पूर्ण संच बदला. जुन्यात नवी घातली की नवीही लवकर जुन्यांच्या वळणावर जाते. बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिहून ठेवा, बिल कधीच वेळेवर सापडत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जागा. बॅटरीचं आयुष्य २५-२७ अंशांना धरून सांगितलेलं असतं. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की ते निम्म्यावर येतं. पत्र्याच्या शेडखालचा पोटमाळा, जिन्याखालची बंद खोली, फ्रीजच्या मागची फट या सगळ्या बॅटरीच्या जागा म्हणून नेहमी दिसतात, आणि तिथे पाच वर्षांची बॅटरी दोन-अडीच वर्षांत संपते. मग कंपनीच्या नावाने बोटं मोडायची. एक एक्झॉस्ट फॅन आणि समोरून हवा यायला जाळी, एवढं केलं तरी फरक पडतो.

लिथियम बॅटऱ्या आता बऱ्याच ठिकाणी आल्यात. त्यांना पाणी नाही, ग्रॅव्हिटी नाही. पण जुन्या इन्व्हर्टरला लिथियम जोडली असेल तर चार्जिंगचं सेटिंग तिच्यासाठी बदललंय का, एवढं मात्र लेखी विचारून घ्या.

तिसरी पायरी: यूपीएस आणि इन्व्हर्टरचं यंत्र

इथे काम थोडं आहे. पंख्याच्या जाळीवरची धूळ महिन्याला ब्रशने काढा. पिठाची गिरणी, लाकडाचं वर्कशॉप, पॉवरलूम असेल तर आठवड्याला. पंख्याचा आवाज बदलला की तो बदलून घ्या. पंखा थांबला की आतलं कार्ड जळतं आणि मग खर्च दहापट होतो. कपॅसिटर पाच-सात वर्षांत म्हातारे होतात, मोठ्या यूपीएसला त्या सुमारास ते तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट आहेत ते वर्षातून दोनदा मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग किंवा न्यूट्रलमध्ये कुठेतरी घोळ आहे. लॅबची मशिन्स आणि संगणक विनाकारण हँग होत असतील तर आधी इथे पाहा.

बायपास स्विच (यूपीएस टाळून मेनची वीज थेट लोडला देणारा) कुठे आहे आणि तो कसा फिरवायचा, हे निदान दोन माणसांना माहीत हवं. यूपीएस बंद पडला आणि महावितरणची वीज मात्र चालू आहे, तरीही अख्खं ऑफिस अंधारात बसलंय, असं केवळ बायपास कुणाला ठाऊक नसल्यामुळे होतं.

चौथी पायरी: जनरेटर

चालू करण्याआधी दर आठवड्याला पाच गोष्टी बघायच्या: डिपस्टिकवर ऑइल, रेडिएटरमध्ये कूलंट (इंजिन थंड असतानाच झाकण उघडा, गरम असताना वाफ तोंडावर येते), टाकीतलं डिझेल, बेल्टचा ताण, आणि खाली जमिनीवर काही गळलंय का. कॅनॉपीचं, म्हणजे जनरेटरच्या पेटीचं, दार उघडल्यावर आधी आत नजर टाका. पावसाळ्यात उंदीर आत घरटं करतात, कंट्रोल वायर कुरतडतात, आणि उंदरामागे कधी सापही येतो. केबल जिथून आत शिरते ती भोकं जाळी आणि सीलंटने बंद केलीत तर अर्धा त्रास जातो.

मग सेल्फची बॅटरी. जनरेटर चालू न होण्याचं हे एक नंबरचं कारण. सेट महिनोन्‌महिने उभा असतो, बॅटरी आपोआप उतरते, आणि कंट्रोल पॅनेल चोवीस तास तिच्यातूनच थोडा करंट घेत असतं. म्हणून मेनवरचा बॅटरी चार्जर चालू आहे का ते आधी बघा. कित्येक ठिकाणी त्याचा एमसीबी कुणीतरी पाडून ठेवलेला असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चार्जर चालू असताना १३.५ च्या आसपास दिसायला हवं. किल्ली फिरवताना मीटर लावून ठेवा. सेल्फ इंजिन फिरवत असताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर ती बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही, मग सकाळी तिने सुरू केलं असलं तरी.

आता शनिवारची ती पाच मिनिटं. रिकाम्या चाललेल्या डिझेल इंजिनात तापमान पुरेसं चढत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि काळं ओलं काजळ सायलेन्सरमध्ये, टर्बोत आणि व्हॉल्व्हवर साचतं. एक्झॉस्टच्या जोडातून काळं तेल ठिबकताना दिसलं तर ते हेच. दर आठवड्याला पाच मिनिटं रिकामं चालवण्यापेक्षा पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एकदा अर्धा तास लोडवर चालवणं केव्हाही चांगलं. लोड क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या वर हवा. १५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने १२ किलोवॅट, त्याचे ३० टक्के म्हणजे ३.६ किलोवॅट. कूलर, दिवे आणि एक एसी लावला की होतं. पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, ऑइल प्रेशर आणि कूलंटचं तापमान लिहून घ्या. लोडवर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास राहायला हवी. रिकाम्या सेटवर ती थोडी जास्त दिसते, पण लोड टाकल्यावर ४८ वर घसरत असेल तर गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग), डिझेल फिल्टर किंवा एअर फिल्टर याकडे बघा. बंद करण्याआधी लोड काढून दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्या, इंजिनला थंड व्हायला वेळ मिळतो.

ऑइल आणि फिल्टर बदलण्याचं गणित तासांवर चालतं. इंजिनप्रमाणे अडीचशे ते पाचशे तास असं पुस्तिकेत असतं, आणि तिथेच पुढे बारीक अक्षरांत '... किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असंही असतं. दुकानाचा जनरेटर वर्षभरात चाळीस-पन्नास तास चालतो. त्याचे पाचशे तास भरायला दहा वर्षं लागतील. तोवर ऑइलमध्ये ओल आणि आम्ल साचून त्याचं पार पाणी झालेलं असतं. कमी चालणाऱ्या सेटला कॅलेंडर लागू होतं, तासांचं मीटर नाही. बहुतेकांसाठी याचा अर्थ: वर्षाला एकदा, पावसाळ्याआधी.

डिझेलही शिळं होतं. सहा महिन्यांहून जुनं डिझेल टाकीत ठेवू नका. टाकी अर्धी रिकामी असली की दमट हवेतलं पाणी आतल्या भिंतींवर साचतं, तळाशी जातं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर चिकट शेवाळासारखी वाढ होते. तीच फिल्टरमध्ये अडकते, आणि लोड आल्यावर इंजिन धाप टाकून बंद पडतं. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, आणि वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू दर महिन्याला उघडून पाण्याचे थेंब निघतात का पाहा. साठ्याचा नियम: पेट्रोलियम कायद्याप्रमाणे एका जागी २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण एकही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. बॅरल सेटपासून दूर, सावलीत आणि खाली ट्रे ठेवून.

१ जुलै २०२३ पासून नवे सेट सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) फोर प्लस मानकाचे येतात. त्यांच्यापैकी बऱ्याच सेटांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन असतं आणि मोठ्या सेटांत डीईएफची (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाची) वेगळी टाकी. त्यांना घाण डिझेल अजिबात सोसत नाही, आणि डीईएफ उन्हात ठेवलं तर लवकर खराब होतं. असा सेट घेतला असेल तर गल्लीतल्या मेकॅनिकच्या भरवशावर राहू नका, अडचण आल्यास त्याच्याकडे स्कॅनर नसेल.

जागेबद्दल दोन गोष्टी. छोटा पोर्टेबल जनरेटर शटर अर्धं ओढून आत चालवणारे दुकानदार दिसतात. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपल्या जागी जातो. तो बाहेर, खिडकी-दारांपासून लांब. दुसरी गोष्ट पुराची. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तळघरातले आणि तळमजल्यावरचे जनरेटर अशा वेळी सगळ्यात आधी बुडतात. पूररेषेच्या आसपास असाल तर सेट जोत्यावर घ्या, आणि निदान चेंजओव्हर पॅनेल (लोड मेनवरून जनरेटरवर बदलणारं) आणि यूपीएसच्या बॅटऱ्या पहिल्या मजल्यावर न्या. वर नेणं शक्य नसेल तर पाणी चढायच्या आधी कुठली केबल कोण सोडवणार हे ठरवून ठेवा.

पाचवी पायरी: चेंजओव्हर

जीव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त इथे आहे. दोन्ही टोकांना पिन टॉप असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीच्या सॉकेटमधून घरात ढकलायची, ही पद्धत अजूनही चालते. मेन स्विच पाडायला विसरलं की ती वीज उलट्या दिशेने ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, तिथून उच्च दाबाने खांबावरच्या तारेत. खांबावर चढलेला लाइनमन 'लाइन बंद आहे' या भरवशावर काम करत असतो. अशी वायर तुमच्या दुकानात असेल तर आज तोडून टाका. मेन आणि जनरेटर एकाच वेळी कधीच जोडले जाणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच हवा, आणि न्यूट्रलही बदलणारा, म्हणजे थ्री फेजला चार पोलचा.

जनरेटरच्या बॉडीला दोन आणि न्यूट्रलला दोन अशी स्वतंत्र अर्थिंग लागतात. अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी घाला आणि वर्षातून एकदा रेझिस्टन्स मोजून घ्या. पाऊस पडल्यावर मोजलेला आकडा खोटं समाधान देतो, उन्हाळ्यात मोजा.

लाइट गेली की स्वतःच जनरेटर लावणारं ऑटोमॅटिक पॅनेल तपासायला त्यावरचं टेस्ट बटण पुरत नाही. ते इंजिन सुरू करतं, पण अनेक पॅनेलांत लोड बदलत नाही. खरी तपासणी म्हणजे मेनचा ब्रेकर खाली पाडणं. वर्षातून एकदा, लोड चालू असताना, कॉन्टॅक्टर (पॅनेलमधले लोड जोडणारे स्विच) आणि जोड इन्फ्रारेड थर्मामीटरने बघून घ्या. तीन फेजपैकी एक जोड इतरांपेक्षा ठळक गरम असेल तर तो सैल आहे.

जनरेटरवर कुणी वायरमनने काम केलं असेल तर त्यानंतर दोन गोष्टी तपासल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. एक, फेज सिक्वेन्स, म्हणजे तीन फेजचा क्रम: जनरेटरवर लोड टाकून थ्री फेज मोटरची दिशा बघा. दोन फेज उलटे जोडले गेले की महावितरणवर सरळ फिरणारी मोटर जनरेटरवर उलटी फिरते, पंपातून पाणी येत नाही आणि स्क्रोल कंप्रेसर खराब होतो. दोन, न्यूट्रलचा नट: तो सैल राहिला तर सिंगल फेजच्या उपकरणांवर चारशे व्होल्टच्या जवळपास दाब जाऊ शकतो आणि संगणक, फ्रीज, दिवे एका झटक्यात जळतात.

सहावी पायरी: तिमाही तालीम

दर तीन महिन्यांनी, गर्दी नसलेल्या वेळी, आधी सगळ्यांना सांगून. पण वायरमन आणि सर्व्हिसवाला समोर असतानाच, आणि वादळाचा इशारा असलेल्या दिवशी नको.

लॅबचं उदाहरण घेऊ. अॅनालायझरवर नमुना चालू नाही याची खात्री करून घ्या. मेन ब्रेकर पाडा आणि घड्याळ लावा. यूपीएसने पहिल्या क्षणी लोड घेतला का? संगणक रीस्टार्ट झाला तर यूपीएस नावालाच आहे. जनरेटर किती सेकंदांत लागला? दहा-पंधरा सेकंद ठीक, तीनदा प्रयत्न करावा लागला तर लिहून ठेवा. लोड आल्यावर काळा धूर थोडा येतो आणि जातो. तसाच राहिला तर बोलवा मेकॅनिक. लसींचा फ्रीज सुरू झाला का, त्याचा काटा २ ते ८ अंशांत आहे का, ते बघा. फ्रीज जनरेटरच्या सर्किटवर आहे असं सगळे गृहीत धरतात, आणि मागच्या दुरुस्तीत कुणीतरी तो भलत्याच सॉकेटवर लावलेला असतो. अर्ध्या तासाने मेन वर करा आणि परतीचाही बदल बघा. पहिला बदल पाहून लोक निघून जातात, पण पॅनेल परतताना अडकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

यूपीएसच्या बॅटरीची वेगळी तालीम: जनरेटर बंद ठेवून, नेहमीचा लोड देऊन दर पाच मिनिटांनी व्होल्टेज लिहा. बॅटरीमागे साडेदहा व्होल्टपर्यंत नेऊ नका, साडेअकराच्या आसपास थांबा. पहिल्या वर्षी तिथे पोचायला चाळीस मिनिटं लागली आणि आता पंचवीस लागतात, तर नव्या बॅटऱ्यांचे पैसे बाजूला काढायला लागा. चाचणीनंतर लगेच पूर्ण चार्ज होऊ द्या. अर्धवट चार्ज राहिलेली बॅटरी आतून कडक होत जाते.

सातवी पायरी: वही

शंभर पानांची साधी वही, दोरीने पॅनेलला बांधलेली. मोबाइल अॅपही चालेल, पण वॉचमनच्या हातात वही लवकर येते. रकाने: तारीख, तासांचं मीटर, डिझेल, सेल्फ बॅटरीचं व्होल्टेज, लोडवरची फ्रिक्वेन्सी, ऑइल प्रेशर, तापमान, किती सेकंदांत लागला, सही. यूपीएससाठी वेगळं पान, प्रत्येक बॅटरीचा आकडा स्वतंत्र. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, मागच्या सहा महिन्यांशेजारी ठेवला की त्याला तोंड फुटतं. सगळ्या ओळींत तेच ते आकडे एका शाईत दिसले तर कुणीतरी घरी बसून वही भरलीय हेही कळतं.

कॅनॉपीच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत कृती चिकटवा: हाताने चालू कसा करायचा, चेंजओव्हर कुठल्या बाजूला, बंद कसा करायचा, डिझेलच्या चावीची जागा, सर्व्हिसवाल्याचा नंबर. रात्री दोन वाजता ते वाचणारा माणूस बहुधा नवा वॉचमन असतो, त्याला वाचून दाखवायला सांगा आणि त्याच्याकडून एकदा करवून घ्या.

एएमसी (वार्षिक देखभाल करार) करताना तीन प्रश्न लेखी विचारा. फोन केल्यावर किती तासांत माणूस येईल, रविवारी आणि सणाला धरून? बॅटऱ्या आणि कार्ड करारात आहेत की नाहीत? (बहुधा नसतात, आणि तेच महाग असतं.) दुरुस्तीला यूपीएस नेला तर बदली देणार का? भेटीला आलेल्या माणसाने प्रत्येक बॅटरीचे आकडे तुमच्या वहीत लिहिल्याशिवाय त्याच्या कागदावर सही करू नका. पट्टा, डिझेल आणि ऑइल फिल्टर, फ्यूज एवढे सुटे भाग स्वतःकडे ठेवा. पुरात किंवा वादळात दुकानं बंद असतात, आणि बेल्ट तेव्हाच तुटतो.

कायद्याची बाजू, थोडक्यात

नव्या सेटच्या कॅनॉपीपासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत हवा. धुराड्याची उंची इमारतीच्या उंचीपेक्षा जास्त लागते: केव्हीएचं वर्गमूळ काढून ०.२ ने गुणायचं, तेवढे मीटर वर. २५ केव्हीएला १ मीटर, १०० केव्हीएला २ मीटर. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक याच दोन गोष्टींवरून येतात. सेट बसवताना तुमच्या क्षमतेला विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते का ते परवानाधारक कंत्राटदाराकडून लेखी घ्या. विमा कंपनी आग लागल्यावर पहिला कागद तोच मागते.

बदललेलं काळं ऑइल हे धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते गटारात ओतू नका, शटरला वंगण म्हणूनही वाटू नका. डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याला द्या. जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत. नवी घेताना जुनी त्याच विक्रेत्याला परत करा आणि बिलावर तिची वजावट लिहून घ्या. हातगाडीवाला शंभर-दोनशे जास्त देतो खरा, पण तो ती कुठेतरी नाल्याकाठी फोडून अॅसिड ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो.